तुम्ही आडव्या काढलेल्या दोऱ्या

बाबा, आज अकरावीच्या वर्गात मी एका मुलीला रडवलं आणि त्याला कारण तुम्ही आहात. फळ्यावर मी एक मोटर काढली होती, वर हूक, हुकापासून मोटरच्या दोन बाजूंच्या कड्यांना तिरप्या जाणाऱ्या दोन दोऱ्या. विचारलं, प्रत्येक दोरीवर ताण किती? पहिल्या बाकावरची ती, चुणचुणीत, हात वर न करताच उठली. "अर्धा अर्धा, मॅडम." मी खडू टेबलावर आपटला. "बाण काढलेस? दोऱ्या कशा आहेत ते दिसतं का? की डोळे घरी ठेवून आलीस?" पोरगी खाली बसली आणि वहीत तोंड घालून रडायला लागली. खरं तर निम्मा वर्ग दरवर्षी हेच उत्तर देतो आणि मी दरवर्षी ते सोसते. आज नाही सोसलं.

तुम्ही खलाशी. समुद्राशी तुमचा संबंध नाही, खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत अवजड मशिनं उचलणाऱ्या टोळीचे मुकादम. शाळा चौथीपर्यंत. पण तारेच्या स्लिंगवर, म्हणजे मशीन ज्याने टांगतात त्या जाड दोरावर, वजन आलं की तुम्ही पान्याने हलकेच ठोकायचा आणि कान लावायचा. भद्द वाजली तर घे वर, टणटण वाजली तर ताण जास्त, खाली घे, कोण साहेब उभा आहे ते बघायचं नाही. टोळी तुमच्या कानावर चालायची. मी दहावी पास झाले तेव्हा तुम्ही कंपासपेटी आणलीत, पितळी कंपासाची. अकरावीत मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की टेबलावर पुस्तक ठेवलं तर टेबलही पुस्तकाला वर ढकलतं. कुणीही हसलं असतं. तुम्ही भिंतीला खांदा लावून उभे राहिलात, जोर दिलात आणि म्हणालात, "खरं हाय गं. मी भितीला रेटतो तवा भित मला रेटते. खांद्याला कळतंय ना." माझ्या आजच्या पोरांना जे समजवायला आठवडा जातो ते तुम्हाला खांद्याने कळलं. म्हणून तर जास्त संताप येतो.

त्याच वर्षी एका संध्याकाळी तुम्ही हातपाय न धुताच स्वयंपाकघरात आलात. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती, मी पाटावर वही घेऊन. तुम्ही कोळसा उचललात आणि फरशीवर रेघा मारल्यात. एक चौकोन, वर एक टिंब, टिंबापासून चौकोनाच्या दोन टोकांना दोन रेघा, जवळजवळ आडव्या. "दोन टनाची मोटर हाय. पंपघराचं छत ठेंगणं, स्लिंग अशी आडवी पडतेय. सायेब बोलतो हुईल. माझं मन काय घेत नाय. येका स्लिंगवर किती येल गं?" आई म्हणाली, "तिला काय इचारताय, मन घेत नाय तर नाय सांगा ना." तुम्ही तिला हातानेच गप्प केलंत.

आणि मी काय केलं? तुमची ती कोळशाची आकृती मला गावठी वाटली. पुस्तकात दोऱ्या कशा सरळ उभ्या होत्या! मी वहीचं कोरं पान काढलं, पट्टी लावली, दोन दोऱ्या उभ्या काढल्या, ऐटीत. वर जाणारे दोन बाण, खाली येणारा एक. वरची बेरीज खालच्याइतकी. "एकेक टन, बाबा." तुम्ही फरशीकडे बघितलंत, मग वहीकडे. "आडव्याचं काय नाय ना?" मी म्हणाले, "त्यानं काही फरक पडत नाही." कंपासपेटी शेजारीच होती. त्यात कोनमापक होता, मी तो हातातही घेतला नाही. तुम्ही ते पान मागून घेतलंत, चार घड्या घालून खिशात ठेवलंत आणि म्हणालात, "झ्याक."

फरक काय पडतो ते आता मी झोपेतही सांगेन. दोरी तिरपी असली की तिचा ओढा सगळा वर जात नाही, बराचसा आडवा फुकट जातो, आणि मोटर धरून ठेवायला ती आणखी ताणावी लागते. जमिनीशी तीस अंश कोन असला तर एकेका दोरीवर अख्खं दोन टन. तुमची स्लिंग त्याहून आडवी होती. तुमची आकृती बरोबर होती, बाबा! मी ती सरळ केली आणि चुकवली.

दुसऱ्या दिवशी स्लिंग तुटली आणि मोटर तुमच्या डाव्या पायावर आली. गुडघ्याखाली काही उरलं नाही. त्यानंतरची सगळी वर्षं तुम्ही ओटीवरच्या बाजेवर काढलीत, समोरचा घाट बघत. कुणी विचारलं तर एकच उत्तर, "माझी चूक झाली." मी रोज जेवणाचं ताट आणून द्यायचे. एकदा तरी ओरडायचं होतंत. ताट भिरकावून द्यायचं होतंत. उलट मी बी.एस्सी. झाले तेव्हा गावभर पेढे वाटायला लावलेत. मला वाटायचं, तुम्हाला ती वही आठवतही नसेल. मग तुमच्या तेराव्याला तुमच्या टोळीतला काका मागच्या दाराशी येऊन सांगून गेला, "स्लिंग टणटण वाजत व्हती गं. मी बोललो, दादा, खाली घे. तर तुझा बाप खिशावर हात ठेवून बोलला, पोरीनं कागदावर काढलंय, येक टनच येतंय. घे वर."

का ऐकलंत माझं? आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाहीत, साहेबाचं नाही, आईचं नाही, आणि ऐकलंत ते सोळा वर्षांच्या पोरीचं, जिने कधी स्लिंग हातात धरली नव्हती! तुमचा कान सांगत होता खाली घे. वीस वर्षं तुमची टोळी त्या कानाने वाचली, आणि तुम्ही तो मोडीत काढलात, का, तर मी शिकलेली म्हणून. हा मान मला नको होता. आणि वर गप्प बसलात. तुम्ही रागावला असतात तर मी निदान भांडले असते, म्हणाले असते की मुकादम तुम्ही होतात, मी नाही. तुम्ही मला तेही बोलू दिलं नाहीत. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, बाबा, मी करून बघितलंय.

तास संपल्यावर ती मुलगी थांबली. डोळे लाल, पण वही पुढे केली. दोऱ्या तिरप्या काढल्या होत्या, कोन मोजला होता, बाण नीट, उत्तर बरोबर. मी शाबासकी दिली आणि म्हटलं, बाहेर कुणी असं काही विचारलं तर आधी जागेवर जाऊन बघ, मग कागद घे. तिने मान डोलावली. मग भीत भीत विचारलं, "मॅडम, तुमचं कधी चुकलेलं का हे?"

मी फळा पुसत होते. वळलेसुद्धा नाही. "नाही," म्हणाले.