तिसऱ्या तळ्याची फळी

ता. ९ एप्रिल, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींनाही सांग. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. उत्तर त्याच दिवशी लिहायला घेतलं होतं, पण नीट जमेना म्हणून फाडलं. आता पुन्हा बसलो आहे. आम्ही सगळे बरे आहोत. वखारीत काम बऱ्यापैकी आहे. मालकांनी नवी करवत आणली आहे, तिचा आवाज एवढा की घरी आल्यावरही आई काय म्हणाली ते मला पुन्हा विचारावं लागतं. बाबांना सकाळी शर्टाची बटणं लावायला हल्ली वेळ लागतो. आई म्हणते, वय झालं. आईचं स्वतःचं पोट अधूनमधून दुखतं, पण ते ती कुणाला सांगत नाही, म्हणून तूही विचारू नकोस.

परीक्षा संपली की थोरलीला आणि धाकट्याला इकडे पाठवतेस, हे वाक्य बाबांनी मला मोठ्याने वाचायला लावलं, आणि मग परत एकदा. लगेच कुदळ घेऊन ओढ्यावर गेले. काठ घसरडा आहे, पोरांना उतरायला पायऱ्या हव्यात म्हणाले. बटणं लागत नाहीत, पण कुदळ अजून चालते.

ओढा नितळ झाला, असं हिवाळ्यात मीच तुला कळवलं होतं. ते खोटं नव्हतं. तुला आठवतं ना, खाणीच्या तोंडातून येणारं ते पाणी? तुझा पांढरा फ्रॉक त्यात पडला आणि जन्माचा नारंगी झाला. "मालक खाण बंद करून गेले, जाताना सगळं नेलं, पाणी तेवढं आपल्याला ठेवलं," असं बाबा सभेत म्हणाले, तेव्हा सगळी वस्ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी फावडी घेऊन हजर झाली. ज्यांचं एकमेकांच्या दारात जाणं-येणं नव्हतं, ते खांद्याला खांदा लावून दगड ढकलत होते. चुनखडीच्या दगडांचा एक चर केला. त्यातून पाणी येतं, खाली एकाखाली एक अशी तीन तळी आहेत, त्यांत नारंगी गाळ बसतो. तिसऱ्या तळ्याच्या तोंडाला लाकडी फळी आहे. तिच्यावरून वरवरचं नितळ पाणी ओढ्यात पडतं. ती फळी मी रंधा मारून खाचेत बसवली. अशी घट्ट की सुरीचं पातं जाणार नाही.

ओढ्याचा तळ पहिल्यांदा दिसला, त्या दिवशी बाबांनी पेला बुडवला आणि सगळ्यांसमोर गटागटा प्यायले. तेव्हापासून दर रविवारी कामाआधी ते तसा पेला पितात. चरातल्या दगडांवर पुटं चढतात, ते उलटवून घासावे लागतात, त्यासाठी लोक येतात. पेला बघून येतात असं बाबांचं म्हणणं. आता सगळी वस्ती तेच पाणी भरते. टँकर बंद झाला. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, दारात ओढा असताना टँकर कशाला?

फेब्रुवारीत पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. ते मी तुला कळवलं नव्हतं. बाटल्या भरून नेल्या आणि काही दिवसांनी परत येऊन सभेत उभ्या राहिल्या.

"रंग होता तो लोखंडाचा," त्या म्हणाल्या. "तो तुम्ही काढलात, कौतुक आहे. पण बाकीचे धातू पाण्यात विरघळलेले आहेत. त्यांना रंग नाही, वास नाही, ते तळ्यात बसत नाहीत. हे पाणी कुणीही पिऊ नका."

"म्हणजे आधीच बरं होतं म्हणायचं!" न्हावी मागून ओरडला. "तेव्हा निदान कुत्रंसुद्धा तोंड लावत नव्हतं!"

मोठा हशा झाला. बाई हसल्या नाहीत. "त्या एका बाबतीत, हो," म्हणाल्या.

ते कुणी ऐकलं की नाही कोण जाणे. मी ऐकलं.

घरी आल्यावर मी बाबांना म्हणालो, "निदान तुम्ही तरी पिऊ नका."

"मी थांबलो तर पुढच्या रविवारी कोण येईल? दगड घासले नाहीत तर परत नारंगी."

"मग होऊ दे ना नारंगी!"

आई तवा घासत होती, तिचा हात थांबला. बाबांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "आणि लोकांनी प्यायचं काय? टँकर तू आणणार आहेस, शहाण्या?"

 

पुढचं लिहायचं नव्हतं. पण ते लिहिल्याशिवाय तुझ्या पत्राचं उत्तर होत नाही.

गवंड्याच्या मुलीचं लग्न होतं. सगळी वस्ती तिकडे. मी डोकं दुखतं म्हणून घरी राहिलो आणि भर दुपारी पहार घेऊन तळ्यावर गेलो. स्वतःच बसवलेली फळी, निघता निघेना. शेवटी उचकटली. गाळाचा लोंढा असा सुटला की पुलापर्यंत ओढा नारंगी झाला, अगदी तुझ्या फ्रॉकसारखा. लग्नाला न गेलेली एक म्हातारी हंडा घेऊन आली, पाणी बघितलं, थुंकली आणि रिकामा हंडा घेऊन परत गेली. ताई, मला किती बरं वाटलं, काय सांगू.

संध्याकाळ व्हायच्या आत लोक आले. लग्नाच्या कपड्यांत, पँटी वर दुमडून, साड्या खोचून. "कुणाचं मेल्याचं हे काम?" बेकरीवाल्या काकू ओरडत होत्या आणि घमेली उचलत होत्या. मीही उचलली. मीही शिव्या घातल्या. फळी परत बसवायला मलाच बोलावलं, दुसऱ्या कुणाला ती बसवता येत नाही. मी पहिलं घमेलं उचलण्याआधीच माझी नखं नारंगी होती. बाबांनी ते बघितलं.

पुढच्या रविवारी त्यांनी पेला बुडवला आणि तोंडाला न लावता माझ्यापुढे धरला.

"आज हा पिईल. फळी यानेच बसवली. दोन्ही वेळा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई समोरच होती, तीही वाजवत होती. मी प्यायलो. चव काही नव्हती. गार होतं.

आता दर रविवारी मीच पितो. आज सकाळीही प्यायलो.

ताई, मुलांना पाठवू नकोस. या सुट्टीत नको आणि पुढच्याही नको. बाबांना काहीतरी कारण कळव. शाळेचं सांग, भावोजींच्या कामाचं सांग. खरं कळवून उपयोग नाही, खरं त्यांना माहीत आहे. ते रागावतील, तुझ्याशी बोलणं टाकतील, ते तुला सोसावं लागेल.

तू म्हणशील, "तू आहेस ना तिथे, लक्ष ठेव." तेवढं म्हणू नकोस. बाबा पेला पुढे करतील, सगळी वस्ती बघत असेल, आणि मुलं आधी माझ्या तोंडाकडे बघतील. मी "प्या" म्हणेन.

ज्याच्या भरवशावर मुलं पाठवू नयेत असा तुझा,

धाकटा भाऊ