बाबांनी भरलेली पेटी

प्रिय धाकटे,

हे पत्र तुला सापडलं, म्हणजे तू झाकणाचे स्क्रू काढलेस, फोमचा पहिला थर उचललास आणि दुसऱ्याला हात घातलास. तिथेच थांब. हात पूस, स्टुलावर बस आणि आधी हे वाच. मायक्रोस्कोप कुठे पळून जात नाही. तुमच्या प्रयोगशाळेने त्याची तीन वर्षं वाट पाहिली, आणखी दहा मिनिटं पाहील. आणि हो, वाचताना आजूबाजूच्यांना दाखवत बसू नकोस. यातलं बरंचसं माझ्या कोत्या मनाबद्दल आहे.

सांगूनच टाकते, मी तुझ्यावर जळते. आजची नाही, लहानपणापासूनची. तुला ते माहीत आहे, पण तू कधी तसं दाखवलं नाहीस, त्याचाही मला राग येतो. बाबांनी तुला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तू वसतिगृहात निघालीस तेव्हा तुझी ट्रंक ते दोन दिवस भरत होते. कप मोज्यांत, मोजे टॉवेलात, टॉवेल ट्रंकेच्या कोपऱ्यात. लोकांची लाखामोलाची यंत्रं भरणारा माणूस तुझ्या एका चिनीमातीच्या कपासाठी पुठ्ठा कापत बसला होता! आणि माझ्या लग्नात काय झालं, आठवतं? सासर दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून सामान हातगाडीवर टाकलं, दोरीसुद्धा बांधली नाही. जवळच तर जायचंय, म्हणाले. पहिल्याच खड्ड्यात माझ्या आरशाचा कोपरा उडाला. तो आरसा मी अजून वापरते. नवरा म्हणतो बदल, मी मुद्दाम बदलत नाही.

तू शिकायला गेलीस आणि मी बाबांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये उभी राहिले, त्याला अठरा वर्षं झाली. फोम यंत्राच्या मापाने कोरायचा, भिंगं काढून वेगळ्या डबीत ठेवायची, पेटीला खिळे न मारता स्क्रू लावायचे, हे सगळं त्यांनीच शिकवलं. आणि सगळ्यात शेवटी कान लावायचा. तू लहानपणी पाहिलंयस ते. पेटी बंद झाली की बाबा ती हळूच कलती करायचे, झाकणाला कान टेकायचे आणि डोळे मिटायचे. आतून एवढासा आवाज आला तरी पेटी पुन्हा उघडायची, मग दारात ट्रक का उभा असेना. नाही आला तर झाकणावर थाप मारून ‘गप्प आहे’ म्हणायचे आणि झाकणावर चिकटवलेल्या पाकिटातल्या चिठ्ठीवर सही करायचे. ज्याने पेटी भरली त्याचीच सही, हा आमच्याकडचा नियम. माझ्या पेट्यांनाही त्यांनी असाच कान लावला. एकही पुन्हा उघडावी लागली नाही. पण ‘छान’ हा शब्द काही माझ्या वाट्याला आला नाही. तो तुझ्या गुणपत्रिकांसाठी राखीव होता.

दोन वर्षांपूर्वी ते घरी बसले आणि शेड माझ्याकडे आली. तू दर रविवारी फोन करतेस आणि बाबा ‘हो हो, छान छान’ करत राहतात. तुला वाटतं, किती मन लावून ऐकतात. फोन ठेवला की माझ्याकडे वळून विचारतात, काय म्हणत होती गं? मग तुझी बढती, तुझा शोधनिबंध, तुझी नवी खोली, सगळं मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगते. शेजारच्यांनाही पाठ झालंय. म्हणजे तुझं कौतुकही मीच करायचं, तेही बोंबलून! ऐकू कमी येतं हे ते कबूल करत नाहीत. हल्ली सगळेच पुटपुटतात, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या सोमवारी तुमच्या यंत्राचे कागद आले. माल घेणाऱ्याच्या जागी तुझं नाव. मी आपली बढाई मारायला बाबांना सांगितलं, की बघा, आता तिचं यंत्र माझ्या हातून जाणार. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी शेडवर हजर. ‘ही पेटी मी भरणार, तू बाजूला हो.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षं राबून मी तुझ्या पेटीला हात लावायच्याही लायकीची नव्हते! भिंतीला टेकून दिवसभर नुसती बघत राहिले. संध्याकाळी त्यांनी झाकण लावलं, पेटी कलती केली, कान टेकला. मी चार पावलांवर होते. आतून आवाज आला. टक्. बारीक, पण स्वच्छ. बाबांनी थाप मारली, म्हणाले, ‘गप्प आहे.’ आणि सही केली.

काय राहिलंय ते मला दिसत होतं. मायक्रोस्कोपचा काचपट्टी ठेवायचा सरकता भाग प्रवासात आपटू नये म्हणून दोन लाल स्क्रू आवळून ठेवायचे असतात. ते टेबलावर फडक्याखाली पडले होते. बाबा घरी गेले आणि मी ते खिशात टाकले. जाऊ दे तशीच, म्हटलं. फुटू दे. त्यांच्या लाडकीला एकदा तरी त्यांच्या हातचं फुटकं मिळू दे. हे मी रागात नुसतं म्हटलं नाही, धाकटे. पक्कं ठरवलं होतं.

सकाळी शेडवर जाताना बाबांच्या घरावरून गेले. ते दारात उभे राहून समोरच्या शिंप्याला सांगत होते, धाकटीची पेटी मी भरली, अजून हात चालतो माझा. बिचारा शिंपी मान हलवत होता. माझ्या खिशात ते दोन स्क्रू होते. यंत्र फुटलं असतं तर तू दुसरं मागवलं असतंस. चिठ्ठीवर सही मात्र बाबांची होती. ट्रक बाराला यायचा होता. मी पेटी उघडली, स्क्रू आवळले, सगळे थर पुन्हा रचले आणि कान लावला. गप्प होती.

आता कामाचं. यंत्र सुरू करण्याआधी ते लाल स्क्रू काढ. मग बाबांना फोन कर आणि सावकाश, मोठ्याने सांग की पेटी अगदी गप्प आली, बाबा, छान भरलीत. त्यांना दुसरं काही कळू देऊ नकोस. कानांच्या डॉक्टरकडे मी नेईन त्यांना, भांडून का होईना. एवढं तर मी फोनवरही सांगितलं असतं, त्याला पत्र लागत नव्हतं. पण वरच्या चिठ्ठीवर सही त्यांची आहे आणि ती तशीच राहू दे असं मीच ठरवलं. ज्याने भरली त्याची सही, हा नियम मी पहिल्यांदा मोडला आणि ते मला काही केल्या पचेना. या पेटीत कुठेतरी माझी सही असायला हवी होती. म्हणून एवढं सगळं लिहिलं, आणि म्हणून ती इथे करते.

तुझीच,
ताई