बाणाविना टणत्कार

ती. ताईस,

गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढा वाकून नमस्कार. तुझा डावा खांदा कसा आहे? (उजव्याची चौकशी शेवटी करणार आहे, त्याला कारण आहे.)

तर मी धनुष्य घ्यायला गेलो होतो. हसू नकोस, सूनबाई पुरेशी हसली आहे. आमच्या मागच्या गल्लीत धनुष्यं करणारा एक कारागीर आलाय. साधी, लाकडी, जुन्या घडणीची. दुकानात भुश्याचा वास आला आणि मला थेट माझा तिसरीचा वर्ग दिसला: ती धनुष्याची कविता, आणि टणत्काराने दिशा थरारतात त्या ओळीला चढणारा माझा आवाज. (त्या ओळीवर मला बक्षीस मिळालं होतं. एक पेन्सिल.)

साहजिकच मी सर्वांत दणकट धनुष्य मागितलं. कारागिराचं म्हणणं, पहिलं धनुष्य हलकंच घ्यावं. जड घेतलं की माणूस नेम धरायला शिकत नाही, नुसता थरथरायला शिकतो. मी मान डोलावली आणि जडच ओढलं. दोरी हलली नाही, कवळी हलली. मग मुकाट्याने हलकं घेतलं. ते अलगद कानापर्यंत आलं, कविता ओठांवर आली, आणि मी बाण न लावताच दोरी सोडून दिली.

कारागिराचा चेहरा पांढरा पडला. "आजोबा, रिकामी दोरी कधी सोडू नये. बाणाबरोबर जायचा जोर लाकडातच मुरतो. आज काही दिसत नाही, उद्या ऐन वेळी मोडतं."

ताई, मी तिथल्या स्टुलावर बसलोच. शाळेच्या स्पर्धेत पहिल्याच बाणाला तुझ्या हातात मोडलेलं ते बांबूचं धनुष्य आठवतं ना? आदल्या संध्याकाळी ते घेऊन मी गच्चीवर कविता म्हणत होतो. टणत्कारासकट. अकरा वेळा. आणि तू मात्र साठ वर्षं म्हणत आलीस, "मीच उन्हात विसरले असेन." त्यानंतर तू धनुष्याला हात लावला नाहीस.

तुझा,
घोक्या

ता. क. हलकंच धनुष्य घेतलं, पण ते नव्हे, दुसरं, आणि माझ्या मापाचं नाही. कारागिराला तुझी उंची सांगितली: एरवी माझ्या कानापर्यंत, रागावली की डोक्याच्या वर. तर आता, उजवा खांदा कसा आहे? आणि कधी येतेस?

आणखी एक ता. क. बाणही सहा घेतले आहेत. ते मात्र तुझं उत्तर वाचूनच कपाटाबाहेर काढीन.