आठ म्हणेपर्यंत हलू नका

२ जानेवारी १९८१

पोहोचलो! बसच्या काचांवर आतून बर्फ साचला होता, शेजारच्या बाईच्या मांडीवर जिवंत कोंबडा होता आणि घाटात दोनदा सगळ्यांनी उतरून बस ढकलली. तरीही इतक्या खुशीत मी कुठल्याच गावात शिरलो नव्हतो. खाली बर्फ, मध्ये कोळशाचा धूर, वर ढगांचं झाकण असं हे खाणीचं गाव, कोल-तेस्के. ड्रायव्हरने विचारलं, की फोटो काढायला आलात तर जूनमध्ये का नाही आलात? आता इथं कोंबडासुद्धा उजाडलं का, म्हणून विचारून आरवतो. मांडीवरचा कोंबडा धरून सगळी बस हसली.

मी त्याला तिथंच भाषण ऐकवलं. भर उन्हात कोणीही फोटो काढतो. ऊन हुकूमशहा आहे, ते माणसाला डोळे मिचकावायला लावतं, अर्धा चेहरा जाळतं आणि अर्धा काळा करतं. ढगाळ उजेड मात्र खाणकामगाराच्या सुरकुतीला आणि मॅनेजरच्या गालाला सारखाच न्याय देतो. या उजेडाबद्दल कुरकुरणारे लोक आळशी असतात! ड्रायव्हर म्हणाला, मास्तर, भाषण छान, पण आता उतरा.

संस्कृती भवनात दोन महिने काम आहे: विज्ञानावर व्याख्यानं द्यायची आणि गावातले चेहरे टिपून वसंतात प्रदर्शन भरवायचं. जवळ जुना झेनित कॅमेरा, स्टँड आणि वीस रोल आहेत. राहायला उरकिया आपांकडे खोली मिळाली. आपांचा मुलगा दूर कुठेतरी फौजेत आहे, घरात सून सायकाल आणि नातू तिलेक, सहा आठवड्यांचा. आपांनी बोरसोक, कणकेचे छोटे तुकडे, तळले, मुरंबा पुढे केला आणि अर्धा अर्धा कप चहा अकरा वेळा ओतला. हात कणकेत असताना त्या पायाने पाळणा हलवत होत्या. त्या उठल्या की सायकाल हलवायची. पाळणा एकदाही थांबला नाही.

४ जानेवारी

तीन दिवसांत सूर्य नाही. दुपारी बारालाही प्रकाशमापकाचा काटा पडल्या जागेवरून उठत नाही. पण संधी शोधणाऱ्याला त्या पावलोपावली आहेत. बर्फ खालून उजेड परत फेकतो, म्हणून बाहेर माणसाच्या हनुवटीखालीसुद्धा तपशील मिळतो. उत्तरेची खिडकी चेहऱ्यासाठी सर्वांत उत्तम. खाणीच्या फाटकातला दिवा दिवसाही जळतो, त्याच्याभोवती धुक्याचं वलय पकडता येतं. फिल्म मंद आहे, तेव्हा कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, सगळं रेखीव यावं म्हणून भिंगाचं छिद्र अगदी बारीक करायचं आणि आठ आकडे मोजेपर्यंत कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवायचा.

या आठ आकड्यांत मोठी गंमत आहे. जे हलतं ते फिल्मवर उमटतच नाही. भर बाजाराचा फोटो घ्या. चालणारे सगळे पुसले जातात, उरतात दुकानं आणि बर्फ.

आणि इथं तर सगळेच हलतात! पावाच्या रांगेत बायका डुलतात. फाटकाशी कामगार एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलतात. थंडी म्हणावी तर पोस्टातल्या शेगडीपाशीही तेच. भवनाची भट्टी पेटवणारा म्हातारा बोरोनबाय सतत टोपी फिरवत असतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, की चिलदे चालू आहे, थंडीचे चाळीस दिवस. त्यातही ज्या दिवशी सावली पडत नाही त्या दिवशी थांबायचं नसतं. सावली म्हणजे दारावरची पाटी, इथं कोणी राहतं याची खूण. पाटी नाही आणि आत हालचालही नाही, तर येणारा घर रिकामं समजून आत शिरतो. मी विचारलं, कोण येणारा? त्याने टोपी दोनदा फिरवली आणि म्हणाला, नाव विचारायला थांबलं कोण?

रात्री म्हणे काही भीती नाही, दिव्यापुढे सावली पडते. म्हणजे भूत दिवसपाळीचं! मी पोट धरून हसलो. व्याख्यानाचा विषय मिळाला.

९ जानेवारी

काय सभा झाली! भर दुपारी दोनशे माणसं आली. मी पाऊण तास बोललो. भीती हे माणसाच्या मानेवरचं सर्वांत जुनं जू आहे, म्हणालो, ते दुसरं कोणी काढणार नाही, आपणच मान काढून घ्यायची. टाळ्या पडल्या. पण दोनशे माणसं डुलत टाळ्या वाजवत होती. मला राग आला. मी कॅमेरा खिडकीपाशी मांडला आणि आव्हान दिलं: या खुर्चीत आठ म्हणेपर्यंत स्थिर बसेल असा एक तरी मर्द गावात आहे का?

मागून कोणी ओरडलं, की बोरोनबायला बसवा, तसाही तो भट्टीपाशी झोपाच काढतो. बायकोने त्याची बाही धरली. तो म्हणाला, सोड गं, चाळीस वर्षांत माझा कोणी एक फोटो काढला नाही, पोरं माझ्या थडग्यावर टोपीचाच फोटो लावतील. टोपी मांडीवर ठेवून तो ऐटीत बसला. मी मोठ्याने एक ते आठ म्हणालो.

आठ झाले. तो उठला, हसला, हात हलवला. मी जिंकलो!

१० जानेवारी

भवन गार पडलं आहे. बोरोनबाय विझलेल्या भट्टीसमोर बसला आहे, टोपी मांडीवर, हनुवटी वर. काल मी बसवला तसाच. हाक मारली, हलवलं, नाही. अंग गरम, श्वास चालू. पापणी मात्र लवत नाही. डॉक्टर म्हणाले, पक्षाघात. या वयात होतो.

होतोच. काल व्हायचा तो आज झाला, योगायोग. त्याची बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिने फक्त त्याचा हात धरला आणि खालीवर, खालीवर हलवत राहिली.

११ जानेवारी

फिल्म धुतली. बाजाराची चित्रं हवी तशी आली आहेत, रस्ता रिकामा. पण एक जण उभा आहे. पावाच्या दुकानापाशी, पाठमोरा, लांब कोट, रेघ न् रेघ स्पष्ट. तिथं आठ आकडे कोणी उभं नव्हतं. मीच होतो ना तिथं!

दुसरी चौकट, खाणीचं फाटक. तोच, पाठमोरा.

बोरोनबायच्या चौकटीत खुर्चीमागे तो आहे. थोडा वळला आहे.

एकाच चौकटीवर दोनदा चित्र पडलं असणार. या जुन्या झेनितमध्ये होतं तसं. होतं.

१२ जानेवारी

आज आपा बोरोनबायच्या घरी गेल्या. सायकाल मला दादा मानते; हळूच म्हणाली, बाइके, बाळाचा एक फोटो काढाल? त्याच्या बापाने तोंडसुद्धा पाहिलं नाही त्याचं, पत्रात मी लिहिते नाक तुझ्यावर गेलंय, तो लिहितो पुरावा पाठव. हे सांगताना ती हसत होती आणि पाळणा हलवत होती.

मी नाही म्हणू शकलो असतो. कालची फिल्म माझ्या खोलीत सुकत होती. पण नाही म्हटलं असतं तर त्याचा अर्थ एकच, की मी घाबरलो. दोनशे माणसांसमोर बोललेलं सगळं खोटं. मी खिडकीचा पडदा बाजूला सारला. फिका, एकसारखा उजेड, कुठेच सावली नाही. बाळ गाढ झोपलेलं. मी म्हणालो, पाळणा स्थिर धर. तिने माझ्याकडे पाहिलं. आपल्या घरातला शिकलेला माणूस म्हणून पाहिलं आणि धरला.

आठ म्हणालो.

तेवढ्यात दार उघडलं. आपांनी धावत येऊन पाळण्याला असा हिसका दिला की बाळ बाहेरच पडावं.

१३ जानेवारी

सकाळी दारात बोरोनबाय! स्वतःच्या पायांवर, टोपी फिरवत, रडत. काल दुपारी एकदम सुटलो, म्हणाला. आत काय होतं ते सांगितलं: आपल्याच घरात कोणी आपल्याला चुलीमागे कोपऱ्यात बसवावं, आणि स्वतः खिडकीत बसून बाहेर बघत राहावं, तसं. काल तो उठला आणि गेला.

मग त्याने विचारलं, की काल दुपारी गावात कोण थांबलं?

सायकाल पाळण्यावर वाकली. तिलेक जागा होता. डोळे उघडे. काल दुपारपासून तो रडलेला नाही, हे आम्हा तिघांच्याही लक्षात तेव्हाच आलं.

१४ जानेवारी

दूध ओठांवरून ओघळतं. ओढत नाही. डॉक्टरांनी सुई टोचली, बाळ आक्रसलं नाही. जिल्ह्याला न्यायला सांगितलं. घाट बंद आहे. अजून दोन दिवस तरी.

पाळणा सतत हलतोय. आता हलवून उपयोग नाही, आपा म्हणतात, आत शिरलेल्याला हलवून काढता येत नाही. तरी हलवतात.

बाळाची चौकट धुतली. तो लांब कोटवाला पाळण्यावर वाकला आहे.

जुनी फिल्म पुन्हा पाहिली. पावाचं दुकान, फाटक, भवनातली खुर्ची — तिन्ही चौकटींत ती जागा आता रिकामी. मी वेडा नाही. अकरा तारखेला तो तिथं होता.

१५ जानेवारी

बाळाचा श्वास मंदावलाय. सायकाल चमच्याने थेंब थेंब घालते, पुसते, पुन्हा घालते. मला एकदाही दोष देत नाही.

विचार करतो — शांतपणे. बोरोनबाय केव्हा सुटला? दुसरा थांबला तेव्हा. म्हणजे त्याला मोठं, बरं घर दिसलं की तो जुनं सोडतो — नाही, बाळ मोठं नव्हतं. नवीन घर. एवढंच पुरतं.

बोरोनबाय म्हणाला, मी पुन्हा बसतो, मास्तर, वाट ओळखीची आहे. बायकोने त्याच्या दंडाला धरलं. आपा म्हणाल्या, की राहून गेलेल्या घरात तो परत येत नाही. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

जन्मभर मी लोकांना सांगत आलो: चूक कळली की सुधारा, नाहीतर विज्ञान विज्ञान म्हणू नका. उद्या ढग असतील. आज पहिल्यांदा मी ऊन पडावं अशी इच्छा केली, आणि लगेच लाज वाटली.

१६ जानेवारी, सकाळ

ढग. खिडकीपाशी खुर्ची. समोर पाळणा, सायकालचा हात त्यावर. कॅमेऱ्यामागे बोरोनबाय. पुरावा हवा. तो आठ म्हणेल. वही मांडीवर, लिहिता येईल तोवर —

पहिले आठ. काही नाही. मी थरथरत होतो. स्थिर बसणं इतकं अवघड — थंडीने नाही.

दुसरे. काही नाही. बोरोनबाय म्हणाला, मास्तर, फोटोत हसा. हसलो. हललो. पुन्हा.

तिसरे आठ. पाठीमागे कोणी उभं राहिल्यावर कळतं तसं —

पाय हलत नाहीत. पोटरीपर्यंत. दुखत नाही. कोणीतरी आत येऊन बूट काढतंय, निवांत.

सायकाल ओरडली! बाळाची मूठ उघडली. मिटली.

पुन्हा म्हण, सांगितलं. बोरोनबाय म्हणत नाही. रडतोय. आपा मोजताहेत आता.

कंबर. मान वळत नाही. समोर पाळणा आणि खिडकी, तेवढंच. हात अजून माझा.

रडला! तिलेक रडला — केवढा आवाज — सायकाल त्याला उचलून नाचतेय, गरागरा — दूध —

उजेड बदलला. ढग फाटले. ऊन. आत्ता, एवढ्या दिवसांनी. जमिनीवर पाळण्याची सावली हलतेय. सायकालची, बाळाची. खुर्चीची सावलीही पडलीय, पाठ, हात, चारही पाय, स्वच्छ. खुर्चीत बसलेल्या माझी मात्र