आयडाच्या गाडीचे पस्तीस टक्के

रविवार, ७ एप्रिल

आजपासून रोजनिशी. उद्देश: आयडाच्या कारकिर्दीची नोंद. उद्या कुणी विचारलं, या मुलीला घडवलं कुणी, तर कागद हाताशी असावा.

आयडा सहा वर्षांची. माझी एकुलती एक. आज क्रिकेट क्लबच्या मागच्या मैदानात तिने पहिल्यांदा माझी रिमोटची बगी चालवली. बगी म्हणजे दुकानातलं खेळणं नव्हे. नट न् नट सुटा होतो, आणि मोकळी सोडली तर ताशी चाळीस मैल पळते. म्हणून लहान पोरांसाठी रिमोटमध्येच वेगाला लगाम घालतात. आकडा पस्तीस टक्क्यांवर ठेवला की खटका कितीही ओढा, गाडी मोठ्या माणसाच्या धावण्यापुढे जात नाही. दहा वर्षांखालच्या पोरांना पस्तीस, हा क्लबचा नियम. तपासत कुणी नाही. बापाच्या शब्दावर चालतं.

आयडा मैदानाच्या मधोमध थांबली. का, तर समोर फुलावर भुंगा बसला होता. लढाऊ वृत्ती कमी. वाढवता येईल.

माझी स्वतःची शर्यत: नऊ जणांत नववा. गवत ओलं होतं. हेदर म्हणाली, "ओलं सगळ्यांनाच होतं ना?" बायकोला या खेळातलं कळत नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

योजना तयार. दहाव्या वर्षी लँकशायर, चौदाव्या वर्षी इंग्लंड, सोळाव्या वर्षी जग. फ्रीजवर लावली. संध्याकाळी पाहतो तो हेदरने तिच्यावर वाण्याची यादी लावलेली.

रविवार, १४ एप्रिल

पोरांची पहिली शर्यत. सहा पोरं. गाड्या चालवायला ज्यावर उभं राहतात त्या मचाणाचा कठडा उंच, म्हणून सगळी दुधाच्या क्रेटवर उभी. आयडा पाचवी. गॅव्हिन हिंडलचा रोरी पहिला. आयडा उड्या मारत आली, "डॅड, मी एकदाही उलटले नाही!" खरंय. पण न उलटण्याचा कप नसतो. हे तिला समजावलं. तिचं सगळं लक्ष बेकनच्या पावाकडे.

गॅव्हिन मला म्हणाला, "तुझी लेक फार सफाईने चालवते रे." टोमणा होता. हसून घेतलं.

गुरुवार, १८ एप्रिल

बसून हिशोब केला. रोरीची फेरी एकवीस सेकंदांची, आयडाची सव्वीस. पस्तीस टक्क्यांत एकवीस होतात कसे? गॅव्हिन आकडा वाढवतो. शंकाच नाही. आपण कुणाचं वाईट बोलत नाही, म्हणून फक्त इथे लिहितो.

रविवार, २१ एप्रिल

आज आयडा तिसरी! श्रेय मोठ्या मनाने वाटून घ्यायला हवं, म्हणून लिहितो की विल्फ स्कोफील्डनेही तिला काहीतरी सांगितलं. विल्फ त्र्याहत्तर वर्षांचा. जन्मभर बस चालवली, तीस वर्षं क्लबात आहे आणि गावच्या बँडमध्ये युफोनियम हे पितळी वाद्य वाजवतो. तो तिच्याजवळ वाकून म्हणाला, "राणी, गाडीकडे बघू नकोस. गाडीला जिथं जायचंय तिथं बघ." बस, एवढंच. मी दोन आठवडे घसा कोरडा केला तो पालथ्या घड्यावर पाणी, आणि म्हाताऱ्याच्या एका वाक्यावर दोन गाड्या मागे. तात्पर्य माझंही तेच होतं. माझं जरा सविस्तर होतं.

रविवार, २८ एप्रिल, दुपारी १२

गाडीत बसून लिहितोय. आयडाच्या रिमोटमध्ये किरकोळ तांत्रिक दुरुस्ती केली. पस्तीसचे पंचेचाळीस. ही फसवणूक नाही. गॅव्हिनने बिघडवलेला समतोल परत आणला, इतकंच.

दुपारी १२.२०

साठ. थंडीने बोट गारठलं होतं, बटणावरून लवकर निघालं नाही.

आपल्याकडे रीत आहे. ज्याची शर्यत झाली त्याने पुढच्या शर्यतीला वळणावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. माझी शर्यत झालीय (नववा, वारा होता), म्हणजे पोरांच्या शर्यतीला तिसरं वळण माझं. पण आज आयडाजवळ मी हवा. विल्फला विचारलं. म्हणाला, "जा रे, पोरीजवळ थांब. मी उभा राहतो."

संध्याकाळी ६

झालं ते असं. दोन फेऱ्या आयडा पहिली होती. मी मचाणामागे ओरडत होतो. तिसऱ्या वळणावर रोरीची गाडी उलटली, ती सरळ करायला विल्फ वाकला. फेरी पुरी करून मागून आयडाची आली. उंचवट्यावरून उडाली ती थेट त्याच्या नडगीवर. विल्फ पडला आणि उजवा हात खाली आला. मनगट मोडलं. अँब्युलन्स आली.

सगळे आयडाकडे बघत होते. ती क्रेटवरच उभी, रिमोट दोन्ही हातांत. म्हणाली, "मी जोरात दाबलं." मी तेव्हा काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "असू दे बाळा. लहान आहेस अजून."

मग डिकीचं झाकण उघडून, सामान लावतोय असं दाखवत, आकडा परत पस्तीसवर आणला.

सोमवार, २९ एप्रिल

आयडा नाश्त्याला बसली, पण खाल्लं नाही. विल्फसाठी कार्ड बनवलं. त्यावर गाडीचं चित्र काढलं आणि चित्रावर लाल फुली मारली. आत लिहिलंय, "माझ्या हातांना कळलं नाही. सॉरी."

उद्या तिला सांगायचं. आज शाळा होती. तांत्रिक गोष्ट घाईत सांगण्यात अर्थ नसतो.

बुधवार, १ मे

कदाचित आकड्याचा संबंध नसेलही. क्रिकेटवाल्यांचं गवत कापायचं यंत्र तेव्हा चालू होतं. त्याने रिमोटच्या लहरींत गडबड होऊ शकते. नक्की होऊ शकते. यंत्र बंद होतं असं हेदर म्हणते, पण ती कुठे होती शेवटपर्यंत? (होती.)

शनिवार, ४ मे

कार्ड आणि हेदरने केलेला आल्याचा केक घेऊन आम्ही विल्फकडे गेलो. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. चोवीस तारखेला व्हिट फ्रायडे, बँडांची मिरवणूक. एक्केचाळीस वर्षांत विल्फने एकही चुकवली नव्हती. ही चुकणार. युफोनियमच्या कळा उजव्या हाताने दाबतात.

त्याने कार्ड वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाला, "राणी, तुझी काही चूक नाही गं." हे तिला म्हणाला, बघत मात्र माझ्याकडे होता. मी चहाची स्तुती केली. निघताना दारात त्याने विचारलं, "मार्टिन, काही बोलायचं होतं का?"

मी म्हणालो, केक लोण्याबरोबर खा, छान लागतो.

मंगळवार, ७ मे

क्लबच्या सेक्रेटरी पॉलीनबाईंचं पत्र आलं. गुरुवारी सभा. ठराव: दहा वर्षांखालच्या पोरांना बंदी. फोनवर म्हणाल्या, "सहा वर्षांच्या पोरीच्या हातात असली गाडी, म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. तुला वाईट वाटेल, पण खरं ते खरं." मी म्हणालो, हो, खरं ते खरं.

निश्चय: सभेत उभं राहून सगळं सांगायचं. भाषण लिहिलं. सुरुवात चांगली झालीय.

गुरुवार, ९ मे

सभेत उभा राहिलो. "मित्रहो, एक गोष्ट माझ्याकडून..." इथपर्यंत पाठ होतं. मग सगळ्यांनी माना वळवल्या. विल्फही आला होता, कोपऱ्यात बसून डाव्या हाताने बिअर पीत होता. मला खोकला आला. खोकल्यानंतर मी बारा मिनिटं गवत कापायच्या यंत्रावर बोललो.

माझ्यानंतर गॅव्हिन बोलला. बंदीच्या विरोधात. "पोरांचा काय दोष? आमच्या रोरीचा आकडा तर तीसवर आहे. पस्तीसला त्याची आई घाबरते." आणि रिमोट टेबलावर ठेवून सगळ्यांना दाखवला. तीस.

रोरी नुसता वळणं नीट घेत होता तर. मी आपला हिशोब करत बसलो होतो. चोराच्या मनात चांदणं.

मतदान झालं. बंदीच्या बाजूने चौदा, विरोधात तीन. विरोधात गॅव्हिन, त्याची बायको आणि विल्फ. विल्फने प्लास्टरचा हात वर केला. चौदा जणांत मी होतो. हात वर कधी गेला ते मला खरंच कळलं नाही. खाली घ्यायला हवा होता, हे मात्र कळत होतं.

शुक्रवार, १० मे

आयडाला बंदीचं सांगितलं. वाटलं रडेल. तिने मान डोलावली. "बरोबरच आहे. मी परत कुणाला तरी पाडलं असतं."

बारा दिवस झाले, दुधाचा कप ती दोन्ही हातांनी धरते आणि जपून जपून टेबलाशी आणते. सांडेल म्हणून. पूर्वी एका हाताने आणायची, सांडायचीही. मी रोज बघतोय आणि रोज इथे भलतंच काहीतरी लिहितोय. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

शनिवार, ११ मे, सकाळी

सांगितलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर गाडी डब्यावर ठेवली, चाकं अधांतरी. रिमोट तिच्या हातात दिला. ती घेईना. मग मीच धरला. पस्तीसवर खटका ओढून दाखवला, मग साठवर. चाकांचा आवाज ऐकून ती मागे सरकली.

"हे साठ कुणी केलं?"

मी.

"शर्यतीच्या आधी?"

हो.

"मग मी बरोबर दाबलं होतं?"

बरोबर. नेहमी दाबतेस तसंच.

तिला रडू फुटलं. मी कल्पना केली होती की सांगून झालं की ती मला मिठी मारेल. हात पुढे केलेही होते. ती त्यांच्या बाजूने गेली आणि हेदरला मिठी मारून रडली. हेदर तिच्या डोक्यावरून मला म्हणाली, "आता विल्फकडे जा. आणि केक नेऊ नकोस."

दुपारी

विल्फकडे गेलो. दारातच सांगून टाकलं. म्हणाला, "माहीत होतं. तीस वर्षं गाड्या अंगावर येताना बघतोय मी. पस्तीसची गाडी येऊन धडकते, लेका. उडत नाही."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस?

"मी बोललो असतो तर पोरीला ते माझ्याकडून कळलं असतं. तिला बापाकडून कळायला हवं होतं. वाट बघत होतो. फारच बघायला लावलीस." मग त्याने आत बोलावलं. चहा मीच केला, कारण त्याला किटली उचलता येत नव्हती.  

रविवार, १२ मे

शर्यतींच्या आधी पॉलीनबाईंकडून माईक मागितला. सहा वाक्यांत संपलं. यंत्राचा उल्लेख केला नाही. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. गॅव्हिन जवळ आला आणि म्हणाला, "मार्टिन, तू माझ्यावर संशय घेत होतास?" मी हो म्हणालो. तो रोरीची बॅटरी बदलायला गेला.

बंदी उठली. नवा नियम: पोरांचे रिमोट शर्यतीआधी पॉलीनबाई तपासणार, आणि बाप दोरीच्या पलीकडे. माझ्या स्वतःच्या शर्यती वर्षभर बंद. त्याऐवजी दर रविवारी, प्रत्येक शर्यतीला, तिसरं वळण माझं. मागून कुणीतरी म्हणालं, चला, क्लबचा सरासरी वेग वाढला. हशा झाला. मीही हसलो. रास्तच होतं.

शुक्रवार, २४ मे

व्हिट फ्रायडे. बँड गल्लीतून गेला. विल्फ कोट आणि टोपी घालून कडेकडेने चालत होता, हात गळ्यात. डाव्या हाताची बोटं मांडीवर कळा दाबत होती. आयडा धावत जाऊन त्याच्याबरोबर चालू लागली. मी फुटपाथवरच थांबलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

रविवार, २६ मे

आयडा आज पुन्हा क्रेटवर चढली. विल्फने समजावलं असणार. पॉलीनबाईंनी आकडा तपासला, पस्तीस. मी तिसऱ्या वळणावर. चौथ्या फेरीत तिची गाडी माझ्यासमोरच उलटली. मी धावलो, सरळ केली, "शाबास!" ओरडलो. मचाणावरून तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चौथी आली. हसत होती. बेकनचा पाव रोरीबरोबर वाटून खाल्ला.

घरी आल्यावर तिची बॅग उघडली. म्हटलं, निदान पुढच्या रविवारसाठी रिमोट चार्ज करून ठेवावा. रिमोट नव्हता. मैदानात राहिला की काय म्हणून घाबरून तिला विचारलं.

"विल्फ आजोबांकडे ठेवलाय," ती म्हणाली. "आता तिकडेच राहणार."

का, मी विचारलं.

"तिथे कुणी हात लावत नाही."

रागावून म्हणाली नाही. विचारलं म्हणून सांगितलं, आणि चित्र रंगवायला बसली. मी बरं म्हणालो आणि बॅगेची चेन लावली.