न्हाणीतला उसासा

॥ श्री ॥

लिंबायत, सुरत
दि. १० जानेवारी १९९७

चि. गजेंद्र यास सखाराममामाचे अनेक आशीर्वाद.

ज्याच्या कृपेवाचून लेखणीतून अक्षर उतरत नाही, त्या नारायणास वंदन करून लिहितो. तुझी मामी जाऊन वर्ष झाले. गेल्या पंधरवड्यापासून ती आमच्या न्हाणीघरात येते. हसू नकोस. पहाटे नळाला पाणी येते, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू धुडकू अंघोळ उरकतो, आणि लगोलग आमच्या न्हाणीच्या जाळीतून घशात घोट अडकावा तसा आवाज होऊन दीर्घ उसासा निघतो. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी तिचे पाणी तोडले होते. तेव्हा ती असाच उसासा टाकीत असे. मी नाम घेत तांब्याभर पाणी जाळीत सोडतो. आवाज शमतो, दुर्गंधही सरतो. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. तहानलेला जीव दुसरे काय मागणार?

सूनबाई अर्चना फार भ्याली आहे. परवा तान्ह्या नातीला तिथे न्हाऊ घालताना तिला भोवळ आली. बाळ हातातून निसटता निसटता वाचले. सासूबाई होत्या तेव्हा मामंजींनी कधी पेलाभर पाणी हातात दिले नाही, आता तांबे ओततात, असे ती माझ्या सौरभला ऐकवते. ते खोटे नाही. महिनाअखेरपर्यंत हे थांबले नाही, तर बाळाला घेऊन नंदुरबारला माहेरी जाईन आणि परतणार नाही, असे तिने बजावले आहे. कोणती शांती करावी, ते मला सुचेना. तू नळकामातला, शेकडो घरे पाहिलेला. असे कुठे आढळले आहे काय?

ममत्व आहेच, ते उत्तरातून दिसू दे.

सखाराम

धुळे
दि. १६ जानेवारी १९९७

ती. मामांच्या चरणी गजेंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र दोनदा वाचले. हसलो नाही, आईने तर मामीच्या नावाने दिवा लावला. पण मामा, तुमच्या तांब्याने मामी शांत होते की जाळीखालची पाण्याची वाटी, न्हाणी ट्रॅप? त्या वाटीत सदैव थोडे पाणी उभे असावे लागते. गटाराचा वायू तेच अडवते. वरून बादली एकदम रिकामी झाली की सांडपाण्याची नळी हवा मागते. छतावर तिचे तोंड मोकळे असेल तर तिथून घेते. नसेल तर खालच्या वाटीतले पाणी ओढते, आणि वाट मोकळी झालेला वायू घरात शिरतो. भोवळ त्याचीच असावी. बाळाला तिथे मुळीच नेऊ नये.

तुमचा वरचा मजला चढला तेव्हा हवेची नळी मी स्वतः उभी करून घेतली होती. ती कोणी बंद केली का, एवढे कळवावे.

मोठ्यांना शिकवतो म्हणून कान धरावा, पण माया उणी करू नये.

गजेंद्र

लिंबायत, सुरत
दि. २२ जानेवारी १९९७

चि. गजेंद्र यास आशीर्वाद.

नळी मीच बंद केली. मार्गशीर्षी पौर्णिमेस तुझ्या मामीची तुळस छतावर हलवली. वृंदावनापासून वीतभर अंतरावर ती मलिन नळी तोंड वासून उभी. सूर्यास अर्घ्य देताना तो दर्प नाकाशी येई. मातीची कुंडी तिच्यावर पालथी घातली आणि सिमेंटने लिंपली. पावित्र्य राखले, अशी माझी समजूत होती.

नातीचे न्हाणे आता स्वयंपाकघरात होते. परंतु कुंडी मी अद्याप काढलेली नाही, आणि कारण लिहिताना संकोच वाटतो. पहाटे मी न्हाणीत पाट मांडून बसतो. काल नामस्मरणाऐवजी तिला ‘मालती’ अशी नावाने हाक मारली. उसासा आला. कुंडी काढल्यावर ती आलीच नाही तर?

समजून घे, आणि दुरावा धरू नकोस.

सखाराम

धुळे
दि. २७ जानेवारी १९९७

ती. मामांस सा. नमस्कार.

लहानपणी तुम्हीच आम्हाला सांगत होता, की देहात खाली जाणारा अपान आहे तसा वर निघणारा उदानही आहे. एकाचे दार लिंपले की दुसरा कोंडतो. घराचेही तसेच आहे. वायूला न्हाणीतून स्वयंपाकघरात यायला कितीसा वेळ? आणि मामी त्या नळीत खरोखर असेल, तर तिला कुंडीखाली कोंडून तुम्हीच ठेवले आहे.

कठोर लिहिले. क्षमा असावी, ओढ असावी.

गजेंद्र

लिंबायत, सुरत
दि. २ फेब्रुवारी १९९७

चि. गजेंद्र यास शुभाशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले तेव्हा अर्चनाची ट्रंक दाराशी बांधून ठेवलेली होती. मी छिन्नी घेऊन छतावर गेलो. कुंडी उचलताच आतून उबदार वारा तोंडावर आला आणि बराच वेळ येत राहिला. मी त्यावर तळहात धरला. कोणी हातावर श्वास सोडावा तसे वाटले. मग तो थांबला. सौरभने नळी तीन हात उंच करून तोंडाला जाळी बसवली.

दुसऱ्या पहाटे मी न्हाणीत बसलो. अर्चना बाळाला घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहिली. वर धुडकूची अंघोळ झाली, पाणी भिंतीतून खाली उतरून गेले. जाळी गप्प राहिली. अर्चना ट्रंक सोडायला वळली. मी अजून थोडा बसतो, असे तिला सांगितले. तिने दार लोटून घेतले.

मग मी मालतीला हाक मारली. पुष्कळ वेळ ऐकत राहिलो. ती गेली आहे, हे त्या पहाटे मला प्रथम कळले.

हे पत्र ज्यांच्या ज्यांच्या डोळ्यांखालून जाईल, त्या सर्वांच्या घरी जाणाऱ्यास वाट मिळो आणि मागे राहणाऱ्यास धीर मिळो, हाच आशीर्वाद.

सखाराम