खिदमतमाश

प्रिय कमल,

तुला जाऊन चार वर्षं झाली आणि पत्र लिहायला मी आज बसलोय. आपल्या लेकीनं सकाळी, ती घ्यायचं म्हणतेय त्या घराचा जुना उर्दू कागद माझ्यापुढं ठेवला. "अण्णा, साफ हाय ना? सोमवारी बँकेत द्यायचाय." मी चष्म्याचं निमित्त केलं, उद्या सांगतो म्हणालो.

चष्मा ठीक आहे गं.

आठवतं, बजाजनगरच्या भाड्याच्या खोलीतून आपण दर रविवारी एसटीनं निघायचो? खेड्यातल्या घराला सरकारच्या हमीचं कर्ज मिळतं, एवढं कळलं होतं. फक्त ते घर बँकेकडं गहाण ठेवता आलं पाहिजे. कुठं घर गावठाणाबाहेर शेतात, कुठं कागदावर सात भाऊ आणि सातवा बेपत्ता! तू थकायची नाहीस. मीच बांधावर बसून शाळेतल्या कविता म्हणायचो. तू म्हणायचीस, "कवितेत ऱ्हायचं असंल तर चला, भाडं बी लागत नाय."

मग फर्दापूरच्या अलीकडचं ते माळवदाचं घर. ओसरीवर टेकलीस, पदरानं घाम पुसलास आणि म्हणालीस, "हितंच." चुलीचं तोंड कुठं करायचं तेही ठरवलंस. मालकानं निजामाच्या वेळचा कागद काढला. पोलीस ॲक्शनच्या आधी चार इयत्ता उर्दूत शिकलेला मी, रुबाबात मोठ्यानं वाचू लागलो. 'खिदमतमाश' या शब्दापाशी थबकलो. काय गोड शब्द! तुला सांगितलं, सेवा करणाऱ्याचं घर आहे, शुभ आहे.

खिदमतमाश म्हणजे देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली इनाम जमीन. तिच्यावरचं घर विकता येत नाही, गहाणही पडत नाही. हे मला बँकेतल्या साहेबानं सांगितलं, खुर्ची देऊन, शांतपणे. आणि घरी येऊन मी तुला काय सांगितलं? साहेब आडमुठा आहे, आपल्यासारख्याला दारात उभं करत नाही.

तू त्याला शेवटपर्यंत बोल लावलास. मी दुसरं घर बघू म्हटलं की म्हणायचीस, नगं, पुन्हा अपमान नगं. खरं कळलं असतं तर पुढच्याच रविवारी पिशवी उचलून निघाली असतीस ना? कर्ज मिळायचं वय सरलं, आणि त्याच भाड्याच्या खोलीत तू डोळे मिटलेस. एकदा तरी मला खोदून का विचारलं नाहीस गं?

लेकीच्या कागदातही तोच शब्द आहे, तिसऱ्या ओळीत. ती घर बघून आलीय, पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून. तिचा चेहरा उतरलेला मला बघवणार नाही. दुपारभर वाटतंय, ती ओळ गाळूनच वाचावी.

नाही गाळणार. उद्या चहाच्या आधी तिला सांगेन, आणि तो साहेब बरोबर होता हेही सांगेन. मग ती विचारेल, आईला हे ठाऊक होतं का? तेव्हा मान खाली घालणार नाही. नव्हतं, म्हणेन. मी सांगितलं नाही.

तुझा,
दिगंबर